मावशी अमेरिकेला खरं सांगतात

मावशींना "कशा आहात?" असं सहज विचारायची सोय नव्हती. माणूस विचारतो आणि पुढे चालायला लागतो, उत्तर ऐकायला थोडाच विचारतो? पण मावशी थांबायच्या, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आणि सांगायच्या. उजवा गुडघा कालपेक्षा बरा आहे, डावा होता तसाच. रात्री झोप लागली नाही. पोट जड आहे. आणि काल तुझ्या नवऱ्याने मोठ्याने टीव्ही लावला त्याचा राग आला होता, पण आता गेला. हे सगळं दोहातल्या मुऐदरच्या उन्हात, दुधाच्या दुकानाबाहेर उभं राहून. त्यापायी माझी ऑफिसची बस चुकलेली आहे.

त्या वसईच्या, सामवेदी ख्रिस्ती. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य नर्सिंगमध्ये गेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त दोहात. आम्ही कराडकडचे. मी एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, आमचे हे एसीच्या कामांवर सुपरवायझर. एका जुन्या व्हिलाचे जिप्समच्या भिंती घालून चार भाग पाडलेले होते, त्यातला एक आमचा आणि शेजारचा मावशींचा. बाकी सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. मला ते जमेना, म्हणून मी मावशी म्हणायला लागले. त्यांनी लगेच सांगून टाकलं की ऐकायला बरं वाटतं, पण तू मनापासून म्हणतेस की शेजारधर्म म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. आता यावर माणसाने काय बोलायचं?

व्हिलाचे असे भाग पाडायला परवानगी नसते. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. घरमालकाच्या माणसाने आम्हाला पढवूनच ठेवलं होतं, की बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर आला तर सगळे एकाच कुटुंबातले आहोत असं सांगायचं. कराडचे आम्ही, वसईच्या मावशी, वरती एक मलबारी जोडपं आणि मागच्या बाजूला तीन फिलिपिनो मुली. कुटुंब म्हणजे काय, अगदी बघत राहावं असं! तरी इन्स्पेक्टर आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चार बिऱ्हाडं राहतात म्हणून सांगितलं. वर ही मधली भिंत पोकळ आहे, वाजवून बघा, असंही सुचवलं. त्याने वाजवून बघितली.

आठवड्याच्या आत भिंती पाडायला माणसं आली. घरमालकाने आम्हाला काढलं नाही एवढंच नशीब, पण फिलिपिनो मुली सोडून गेल्या आणि मी मावशींशी बोलणं टाकलं. मी रागीट आहे, माहेरी मला मिरची म्हणायचे. पण भिंत गेल्यावर स्वयंपाकघर एकच उरलं, आणि एका ओट्यावर दोन बायका तोंडं फुगवून किती दिवस चपात्या लाटणार? शेवटी मीच विचारलं, की मावशी, एकदा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? त्यांनी शांतपणे पोळपाटावर पीठ भुरभुरवलं आणि म्हणाल्या, "त्याने विचारलं ना गं." जसं काही तेवढ्याने सगळा उलगडा झाला.

बिरकत अल अवामेरच्या एका लेबर कॅम्पच्या दवाखान्यात त्यांची ड्यूटी असायची. तिथे इंजेक्शन द्यायच्या आधी त्या सांगायच्या, दुखणार आहे. बाकीच्या नर्सेस म्हणायच्या, मुंगी चावल्यासारखं होईल. तरी चांगली धिप्पाड माणसं मावशींच्याच रांगेत उभी राहायची, कारण त्यांनी "आता दुखणार नाही" म्हटलं की खरंच दुखायचं नाही. एकदा एक कामगार पोटात दुखतंय म्हणून सुट्टीची चिठ्ठी मागायला आला. मावशींनी पोट दाबून बघितलं, काही नव्हतं. त्याला सांगितलं, तुला काही झालेलं नाही, तू दमला आहेस. आणि चिठ्ठीवर आजाराच्या जागी इंग्रजीत लिहिलं, दमला आहे. सुपरवायझरने असला आजार कधी बघितला नव्हता. तो इतका गोंधळला की त्याने सुट्टी देऊन टाकली.

शुक्रवारी चर्चला जायच्या. इथे रविवार कामाचा, म्हणून मोठी प्रार्थना, मिस्सा, शुक्रवारी. तिथे त्यांचा कुमसार, म्हणजे फादरपुढे बसून पापं सांगणं, हा एक सोहळाच असायचा. मागे रांग लागायची. आपण कोणावर मनातल्या मनात चिडलो, कोणाचा डबा बघून तोंडाला पाणी सुटलं, कोणाच्या लग्नाचा आहेर द्यायला जिवावर आलं, सगळं सविस्तर. एकदा फादर म्हणाले, सिस्टर, पुढच्या खेपेला मोठी पापं आधी सांगत जा. मावशी आठवडाभर विचार करत होत्या की आपलं मोठं पाप कोणतं. म्हण आहे ना, खाई त्याला खवखवे. मावशींना काही न खाताच खवखवायचं.

या बाईच्या आयुष्यात मागणं एकच होतं. त्यांची थोरली बहीण न्यू जर्सीला असायची. आई लवकर गेली, या थोरलीने मावशींना न्हाऊमाखू घालून वाढवलं, नर्सिंगला पाठवलं, आणि मग स्वतः लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिकडची नागरिक झाल्याबरोबर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर धाकट्या बहिणीला बोलावून घेण्याचा अर्ज भरला. पण अमेरिकेत भावंडांची रांग म्हणजे विचारू नका. अर्ज भरला तेव्हा मावशींचे केस काळेभोर होते. नंबर जवळ येईतो पांढरे झाले, थोरलीचा नवरा गेला, तिचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. मुलं चांगली होती, पण सकाळी कामाला जाणारी. थोरली दिवसभर एकटी पडून असायची आणि संध्याकाळी फोनवर मावशींना आपल्या बोलीत विचारायची, कधी येतेस? ती बोली मला अर्धीमुर्धी कळायची, पण हे दोन शब्द चांगलेच कळायचे. फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ भांडी घासत बसायच्या, घासलेलीच.

मधल्या काळात बहिणीला नुसतं भेटून येऊ म्हणून त्यांनी टुरिस्ट व्हिसासाठी एकदा प्रयत्न केला होता. अमेरिकन वकिलातीतल्या खिडकीतल्या बाईने विचारलं, भेटून परत याल ना? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, हो बाई, येईन. मावशी म्हणाल्या, सांगता येत नाही, बहिणीच्या तब्येतीवर आहे. झालं! खलास. पासपोर्ट तसाच हातात परत.

म्हणून नंबर लागल्याचा ईमेल आला तेव्हा मी कंबर कसली. फॉर्म मी भरणार, मावशींनी फक्त शेजारी बसायचं. दुपारचा चहा घेऊन आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. फॉर्म ऑनलाइन, आणि काही वेळ बटण दाबलं नाही की आपोआप बंद पडणारा. मावशींच्या सदसद्विवेकबुद्धीला मात्र वेळेचं बंधन नव्हतं. सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागितले होते. मी म्हटलं, मोठे मोठे सांगा. त्यांनी नर्सिंग हॉस्टेलची खोली सांगितली आणि त्या खोलीत ढेकूण झाले म्हणून काही दिवस मैत्रिणीच्या काकांकडे राहिल्या तो पत्ताही सांगितला. दोहातल्या पहिल्या घराला तेव्हा नंबरच नव्हता. मावशी म्हणाल्या, लिही, इराणी बेकरीच्या मागे, निळा दरवाजा. फॉर्म बंद पडला. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही कुठल्या टोळीचे किंवा जमातीचे आहात का, असा प्रश्न आला. मी 'नो'वर बोट नेलं तर मावशींनी माझा हात धरला. आम्ही सामवेदी, म्हणाल्या, आमची बोली वेगळी, आमच्या बायकांची लाल लुगडी वेगळी, मग नाही कसं म्हणायचं? कुठल्या कुठल्या संस्थांना तुम्ही मदत केलीत, या प्रश्नाला चर्चचं महिला मंडळ आलं, गावची पतपेढी आली, वसईच्या शाळेचा माजी विद्यार्थिनी संघ आला आणि आमच्या गणपतीला दिलेली वर्गणीसुद्धा आली. आमचे हे बाजूने जाताना म्हणाले, "मावशी, यल्ला, चला, सगळीकडे नो दाबा आणि मोकळ्या व्हा." मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा न घेताच बाहेर गेले.

मग आली ती गुन्ह्यांची पानं. तुम्ही वेश्याव्यवसाय केला आहे का, हे मला मराठीत विचारवेना, मी इंग्रजीत पुटपुटले. मावशींना काहीच नाही, नर्सबाई त्या, ताडकन म्हणाल्या, नाही, पुढचं वाच. दहशतवाद, नाही. नरसंहार, नाही. मला जरा हुरूप आला. मग प्रश्न आला, तुम्ही कोणाचा छळ केला आहे का? मी वर बघितलं तर चेहरा उतरलेला. म्हणाल्या, मी वॉर्ड इन्चार्ज असताना एका शिकाऊ पोरीला अख्खी दुपार बेडपॅन घासायला लावले होते, आणि तिची चूक नव्हती हे मला नंतर कळलं. मी कपाळाला हात लावला. त्यांना समजावलं की मावशी, अमेरिका याला छळ म्हणत नाही, अमेरिकेच्या मनात फार वेगळं असतं. फॉर्म पुन्हा बंद पडला.

आणि मग अमली पदार्थ. तुम्ही कधी बंदी असलेल्या पदार्थांची ने-आण केली आहे का? मी 'नो' दाबणार एवढ्यात मावशी म्हणाल्या, "हो."

मला वाटलं, दवाखान्यातल्या औषधांचं काही असेल. निघाली खसखस! वसईला त्यांच्याकडे वर्षाचा मसाला करतात, भाजून, कुटून, बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात. त्यात खसखस असतेच. मावशी दर सुट्टीहून येताना दोन बाटल्या साडीत गुंडाळून आणायच्या. कैक वर्षं आणल्या. मग एकदा अल अझीझियाच्या एका किराणा दुकानात त्यांनी खसखस मागितली. गल्ल्यावरचा रत्नागिरीचा पोरगा कोकणीत घाईघाईने कुजबुजला, सिस्टर, हळू बोला, इथे ती अफूच्या झाडाची म्हणून बंद आहे, लोकांना विमानतळावर धरतात. मावशी दुकानातच मटकन पोत्यावर बसल्या. त्या दिवसापासून मसाला बिनखसखशीचा. त्याला चव नाही, पण तो निर्दोष आहे, असं त्या म्हणायच्या.

मी म्हटलं, अहो, फादरना सांगितलं असेलच ना? सांगितलं होतं. त्यांनी माफ केलं ना? केलं होतं. मग झालं तर! तर म्हणे, फादरनी देवातर्फे केलं, कतारतर्फे आणि अमेरिकेतर्फे नाही केलं. इथे माझी मिरची झाली. मी म्हटलं, मावशी, या एका 'हो'ने सगळं संपेल. थोरली तिकडे खाटेवर पडून रोज विचारते, कधी येतेस, आणि तुम्ही मसाल्यातल्या चिमूटभर खसखशीसाठी अफूची तस्करी कबूल करायला निघालात? हा नसता शहाणपणा कुणासाठी? मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, दवाखान्यात माणूस गेला तरी घरी येऊन जेवणाऱ्या बाई त्या. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि 'नो' दाबलं. मावशींनी अडवलं नाही. एवढंच म्हणाल्या, हा नो तुझा आहे, माझा नाही.

इंटरव्ह्यूची तारीख आली. आमचे हे गोरे साहेब झाले, सोफ्यावर टाय लावून बसले, आणि आम्ही मावशींची तयारी घेतली. विचारलं तेवढंच बोलायचं. यस सर, नो सर. कायमचं राहायला जाताय का? यस सर. तिथे मावशी अडायच्या. मला कायमचं कुठे राहायचंय, म्हणायच्या, मला थोरलीपाशी राहायचंय. आमचे हे हताश होऊन टाय सोडायचे. गंमत बघा, टुरिस्ट व्हिसाच्या वेळी ही बाई तिकडेच राहील म्हणून नाकारलं, आणि आता राहणार नाही म्हणाली तर नाकारतील. खोटं बोलणाऱ्या माणसाला हे काहीच अवघड नाही. मी त्यांना थोरलीची शपथ घातली, की मावशी, एकदाच. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला समजलं नाही.

इंटरव्ह्यूच्या दिवशी त्या वकिलातीत गेल्या, मी बाहेर लांब गाडीत एसी लावून बसले. सगळ्या देवांना सांगून झालं, त्यांच्या वेलंकनी मातेलाही सांगितलं. ज्यांचे इंटरव्ह्यू मावशींच्या नंतर होते ती माणसं बाहेर पडून घरी गेली. मावशींचा पत्ता नाही. माझी खात्रीच पटली की आत खसखस उगवली.

आल्या तेव्हा चेहरा अगदी निवांत. गाडीत बसल्या, पट्टा लावला, मग सांगितलं. खिडकीत एक तरुण मुलगा होता. त्याने पहिल्याच वाक्याला उजवा हात वर करायला लावला आणि खरं सांगेन अशी शपथ घ्यायला लावली. मावशी मला म्हणाल्या, आता तूच सांग, त्याने हात वर करायला लावल्यावर माझा काय इलाज? त्यांनी खसखशीपासूनच सुरुवात केली. मुलाला कळेना. त्याने आतून एकाला बोलावलं, दोघांनी कॉम्प्युटरवर बघितलं, किती आणायचात म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, बाटलीला वाटीभर. मग दोघं हसायला लागले. तो म्हणाला, मॅडम, आमच्याकडे ही पावावर भुरभुरवतात, माझी आई केकमध्ये घालते. मावशींनी बजावलं, तुमच्याकडे चालत असेल, इथे चालत नव्हती. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि पुढे गेले. 

मग त्याने तोच प्रश्न विचारला. अमेरिकेत कायमचं राहायचा इरादा आहे ना? 

"मी त्याला सांगितलं," मावशी म्हणाल्या, "माझी थोरली आहे तोवर मी हलणार नाही. ती गेली की मला तिथे काम नाही, मी माझ्या वसईला जाईन."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हटलं, गेलं सगळं. इतक्या वर्षांची रांग, थोरलीचा जीव, सगळं मातीत. तर मावशी सांगतात, त्या मुलाने टाइप करायचं थांबवलं. मग म्हणाला, बहिणीला किती वर्षांत बघितलेलं नाही? मावशींनी सांगितलं. तो म्हणाला, आज तुमचा इरादा तिच्याजवळ राहायचा आहे, तेवढं मला पुरे. पुढे कधी मन बदललं तर ग्रीन कार्ड परत करता येतं. व्हिसा मंजूर. मी तिथेच गाडीत मोठ्याने रडले, आणि मावशी माझी पाठ थोपटत म्हणाल्या की तू उगीच इतकं मनाला लावून घेतेस, ब्लड प्रेशर बघून घे.

मावशी गेल्या. त्यांच्या ओट्यावर मग कोणी दुसरे आले. आम्हीही पुढे अल अझीझियाला फ्लॅट घेतला. मावशींचे फोन यायचे, आणि मी "कशा आहात" विचारायचे, वेळ काढून, खुर्ची ओढून. थोरलीला रोज स्पंज करते. आज तिने भांडण काढलं. आज पेज प्यायली. मी मध्येच हळूच सांगायचे, की मावशी, पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो, इन्शाल्ला तुम्ही पण अमेरिकन. त्यांचे भाचेही मागे लागले होते. त्यांनी सगळी कागदपत्रं काढून तयार ठेवली होती, पाच वर्षं पुरी व्हायला काही महिनेच उरले होते.

आणि थोरली गेली.

महिन्याभराने मावशी माझ्या दारात उभ्या. वसईला जाताना वाटेत दोहा, म्हणून दोन दिवस माझ्याकडे. मी त्यांना मिठी मारली, रडून झालं, जेवायला वाढलं. जेवताना सहज विचारलं, परत न्यू जर्सीला कधी? तर म्हणाल्या, नाही, कार्ड परत करून आले. फॉर्म असतो त्याला. तो मात्र मी माझा मीच भरला.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मग मी जी सुटले ती सुटलेच. म्हटलं, मावशी, तुम्हाला काही कळतं का? लोक त्या कार्डासाठी जन्म घालवतात. थोडे महिने गप्प बसला असता तर पासपोर्ट हातात होता, म्हातारपणी औषधपाणी झालं असतं, भाचे आहेत, घर आहे. खिडकीतल्या एका पोराला कधीकाळी काय म्हणालात ते कोण लक्षात ठेवून बसलंय? त्याची तर बदलीसुद्धा झाली असेल. कोण विचारणार होतं तुम्हाला?

मावशींनी ताटातला भात आवरून घेतला. माझा आवाज चढलेला होता, त्यांचा नेहमीसारखाच.

"कोणी नाही विचारणार. पण त्याने माझं खरं मानलं, म्हणून थोरली माझ्या मांडीवर गेली. नाहीतर फोनवर गेली असती."